उघड्या टोकांची रांगोळी

माझी आई मोठ्या बाबांशी बोलत नसे. भांडण नव्हतं हो, रीतच तशी होती. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, म्हणजे आईचे भासरे, आणि भासऱ्यापुढे बाईने डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही, हे आमच्या घरात कुणी कुणाला शिकवावंही लागत नसे. मोठे बाबा काटोलला राहायचे, संत्र्याची बाग बघायचे, आणि अधूनमधून एसटीने नागपूरला आमच्याकडे यायचे. आले की समोरच्या खोलीत खाटेवर बसायचे. स्वयंपाकघर तिथून हाताच्या अंतरावर, मधे नुसता एक पडदा. तरी आई आतून मला म्हणायची, "शालू, मोठ्या बाबाले विचार, चहा घेतील का?" मी पडद्याबाहेर तोंड काढून विचारायची, "मोठे बाबा, चहा घेता का?" ते म्हणायचे, "सांग तिले, घेतो म्हणा." मी पुन्हा आत. दोघांनाही एकमेकांचा शब्दन् शब्द ऐकू गेलेला असायचा, पण माझ्या तोंडून गेल्याशिवाय तो गेला असं धरत नसत. मी घरी नसले तर आई बांगड्या वाजवायची. एका तऱ्हेने वाजल्या की पान वाढलंय, दुसऱ्या तऱ्हेने वाजल्या की आंघोळीचं पाणी तापलंय. हे परवा मी नातीला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आजी, तू त्यांचा मोबाइल होतीस." बाप्पा! काय बोलतात आजकालची पोरं. पण खोटंही नाही ते.

आमचं घर सक्करदऱ्याच्या बाजूला, बैठं, पुढे बऱ्यापैकी मोठं अंगण. बाबा हिंगण्याच्या एका कारखान्यात होते. पहाटेच्या पाळीला कंपनीची बस कोपऱ्यावर येऊन हॉर्न वाजवायची, आणि तो हॉर्न म्हणजे आमच्या गल्लीचं घड्याळ. बाबा चपला शोधत धावायचे, आई डबा घेऊन त्यांच्यामागे धावायची. बस गेली की आई अंगणात सडा टाकायची आणि रांगोळी घ्यायची. ती भिवापूरकडची. माहेरून तिच्या मिरच्या यायच्या, त्या गच्चीवर वाळत पडल्या की वारा सुटेल त्या दिशेची घरं शिंकत असायची, आणि शेजारच्या काकू ओरडायच्या, "शालूची आई, मारता का वं आमाले?" आई हसायची नुसती. ती मुळात कमी बोलायची. तिचं जे काही बोलणं असायचं ते हातात असायचं, चिमटीत. चिमटीतून रांगोळी अशी सुटायची की रेघ कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. एकच हट्ट होता तिचा. रेघ उघडी सोडायची नाही. सुरू झाली तिथे येऊन मिळाली पाहिजे. उघड्या रेघेतून घरातलं बरं बाहेर जातं आणि बाहेरचं वाईट आत येतं, असं तिच्या आईने तिला सांगितलं होतं आणि तिने ते गाठीला बांधून ठेवलं होतं.

मी बारावीला होते तेव्हाची ही गोष्ट. आम्हाला गणित शिकवायला खोब्रागडे मॅडम होत्या. बारीक अंगकाठी, आवाज मात्र असा की मागच्या बाकावरची पेंगणारी पोरगी टाणकन उठून बसायची. तोपर्यंत आलेख म्हणजे आमच्यासाठी हमाली होती. x ला एक घाला, दोन घाला, उणे एक घाला, प्रत्येक वेळी गुणाकार करा, कोष्टक भरा, बिंदू टाका, बिंदू जोडा. एक गुणाकार चुकला की त्या वक्राला मधेच कुबड यायचं. मॅडमनी पहिल्याच दिवशी ते कोष्टक डस्टरने पुसून टाकलं. म्हणाल्या, "पोरींनो, प्रत्येक बिंदू मोजत बसाल तर इथंच म्हाताऱ्या व्हाल. आधी शून्यं शोधा." शून्यं म्हणजे बहुपदीची किंमत जिथे शून्य होते ती ठिकाणं, तिथे आलेख आडव्या अक्षाला भेटतो. मग बघायचं, तो अवयव एकदाच आलाय की दोनदा. एकदा आला असेल तर आलेख अक्ष ओलांडून पलीकडे जातो. दोनदा आला असेल तर नुसता शिवतो आणि आल्या बाजूलाच परत फिरतो. राहिली टोकं. "टोकांकडे फक्त सगळ्यात मोठ्या घाताचं राज्य," मॅडम म्हणाल्या. "बाकीची पदं मधे नाचू द्या किती नाचायची ती. लांब गेल्यावर त्यांना कुणी विचारत नाही." मोठा घात सम आणि त्याचा सहगुणक धन, तर दोन्ही टोकं वर. ऋण असेल तर दोन्ही खाली. घात विषम असेल तर एक वर, एक खाली.

आणि फळ्यावर त्यांनी लिहिलं: (x + 2)(x − 1)²(x − 4). उणे दोनवर ओलांडायचं, एकवर शिवून परतायचं, चारवर ओलांडायचं, घात चार, टोकं दोन्ही वर. खडू डावीकडे वर ठेवला आणि एका दमात खाली आणला, अक्षाला छेदून, पोटात घेऊन, वर अक्षाला शिवला, पुन्हा खाली, पुन्हा वर, आणि फळ्याच्या चौकटीपर्यंत नेऊन सोडला. एकही बेरीज नाही! मी बघतच राहिले. माझा विश्वास बसेना म्हणून घरी येऊन मी सगळ्या किमती काढल्या, चरफडत, चूक सापडेल या आशेने. चूक नव्हती. ती बाई जिथे वळली तिथेच आलेख वळत होता. मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी आला तो संताप. इतकी वर्षं आम्हाला घाण्याच्या बैलासारखं कशाला फिरवलं मग? आणि संताप ओसरला तेव्हा कळलं की मला आयुष्यात हेच करायचंय. दुसरं काही नाही.

आलेख हातात बसावा म्हणून मी तो अंगणात काढायला लागले. आईची रांगोळी उरलेली असायची, जागा भरपूर. मॅडमचाच तो आलेख घेतला, फक्त खालची पोटं बेताने काढली, नाहीतर अंगण पुरलं नसतं. आई बादली घेऊन येता येता थांबली.

"हे काय होय वं? कमळ होय का?"

"आलेख आहे, आई."

"मंग वरून बंद काहून नाई केलं?"

"बंद होत नाही तो. दोन्ही टोकं वर जात राहतात."

"कुठलोक?"

"कुठलोकच. जातच राहतात."

"असं कसं? कुठंतरी तं थांबत असन."

"नाही थांबत."

आई त्या दोन टोकांकडे बघत राहिली आणि खरंच काळजीत पडून म्हणाली, "अवं माय, मंग त्याच्या घरच्याईनं काय करावं?"

कॉलेजातून परत आले तर माझ्या आलेखाची दोन्ही टोकं वरून सुरेख कमानीने जोडलेली, आत हळद भरलेली, आणि जिथे आलेख अक्षाला शिवून परततो त्या ठिकाणी कुंकवाचं बोट. मी किंचाळलेच. शेजारच्या काकू धावत आल्या, त्यांना वाटलं साप निघाला. "आई, हे गणित आहे, गणित!" आई शांतपणे म्हणाली, "गणित वहीत. अंगण माह्यं आहे." त्यानंतर हे रोजचंच झालं. मी उघडं काढायचं, मी गेले की तिने बंद करायचं. विषम घाताचा काढला, एक टोक वर आणि एक खाली, तर तिने अंगणभर वळसा घालून तेही जोडलं. तिची मेहनत बघून मला हसू यायचं आणि रागही यायचा.

परीक्षा आठवड्यावर आली होती. मॅडमचा शेवटचा तास आटपून मी घरी आले तर गल्लीच्या तोंडापासूनच तळणाचा वास. सांबारवडी. पुण्याकडचे लोक सांबाराला कोथिंबीर म्हणतात, म्हणोत बिचारे. ही वडी आमच्याकडे सणावारी व्हायची, खोबरं, खसखस, बारीक चिरलेला सांबार, वरून बेसनाचं आवरण, निगुतीचं काम. मधल्या वारी काहून? आत आले तर बाबा घरी. पाळी सोडून घरी! खाटेवर मोठे बाबा, खाटेखाली संत्र्यांचं पोतं.

"ये," मोठे बाबा म्हणाले. "हातपाय धू, लुगडं नेस. वर्ध्याचे लोक येऊन राहिले तुले पाहाले. पोट्टा सरकारी नोकरीत आहे. याच पंधरवड्यात उरकून टाकू म्हणतात, पुढं मुहूर्त नाई."

"माझे पेपर आहेत," मी म्हणाले.

"पेपर होत राह्यतात. तुह्या बाबानं मले शब्द देल्ला आहे."

मी बाबांकडे पाहिलं. माझे बाबा, जे मला गणितात पैकीच्या पैकी मिळाले की कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना सांगायचे, ते जमिनीकडे बघत होते. "मोठ्या भाऊनं पाह्यलं आहे तं चांगलंच पाह्यलं असन," एवढंच म्हणाले. मला कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. मी पडद्याआड गेले. आई कढईपाशी बसली होती, डोळे लाल. मला वाटलं तेलाच्या धुराने. तिला म्हटलं, "तुला ठाऊक होतं?" ती म्हणाली, "मले सकाळी सांगतलं. वड्या कर म्हणून." आज माझं वय झालंय, बऱ्याच गोष्टी पचवल्या, पण 'वड्या कर म्हणून' हे शब्द आठवले की अजून अंगाची लाही होते. घरच्या बाईला तिच्या लेकीचं लग्न असं कळतं का हो?

मंडळी आली. मुलगा आणि त्याची आई. मुलगा गुबगुबीत, भिडस्त, पूर्ण वेळ रुमालाने मान पुसत होता. त्याच्यावर माझा आजही राग नाही. बोलणं सगळं त्याच्या आईचं. मला चालायला लावलं, वेणी मोकळी करायला लावली, पाय पुढे करायला लावले. वड्या खाता खाता बाई म्हणाल्या, "रांगोळी येते का? आमच्याकडे सून आली का दारापुढची रांगोळी तिच्याकडं. काढून दाखव." सगळे अंगणात आले. मोठे बाबा दारातल्या खुर्चीवर संत्रं सोलत बसले. बाबा भिंतीला टेकून. आईने सकाळी सारवलेली जागा दाखवली आणि माझ्या हातात रांगोळीचा डबा दिला.

मी कमळच काढणार होते. देवाशपथ. पण वाकले आणि हाताने आडवा अक्ष ओढला. मग मला थांबता आलं नाही. उणे दोन, एक, चार. डावीकडून वरून आले, छेदून खाली, पोट, वर येऊन शिवले, परतले, पुन्हा पोट, पुन्हा छेदून वर. दोन्ही टोकं अंगणाच्या कडेपर्यंत नेली आणि सोडली. मुलगा हळूच म्हणाला, "बारावीचं आहे हे. मले कधी जमलं नाई." त्याच्या आईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा मान पुसायला लागला.

"अन् हे काय? अर्धीच?" बाई म्हणाल्या. "टोकं उघडी टाकून देल्ली."

आणि काय सांगू, आई लगेच खाली बसली. सवयीने की भीतीने, कोण जाणे. चिमूट घेतली आणि माझ्या दोन्ही टोकांवरून कमान ओढून बंद केलं. "आई, नको," मी म्हणाले. "चूप," मोठे बाबा म्हणाले. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. निदान आज तरी तिने ते करायला नको होतं.

"हं, आता कशी बरी दिसते," बाई खूश झाल्या. "माय हुशार आहे. पोट्टी शिकन हळूहळू."

आई तशीच उकिडवी बसून होती, चिमटीत अजून थोडी रांगोळी. खालूनच तिने त्या बाईंना विचारलं, बाईबाईंचं बोलणं, त्याला मनाई नव्हती. "तिचे पेपर आहेत पुढच्या हप्त्यात. लग्न झाल्यावर बसू देसान ना तिले?"

"कायले?" बाई हसल्या. वाईट हसल्या नाहीत, सरळ हसल्या. "आमच्याकडं कोनी पेपर सोडवत नाई. एकदा घरात आली का मंग बाहेर काय काम आहे तिचं?"

आई त्या कमानीकडे बघत राहिली. मग तिने चिमटीतली रांगोळी डब्यात परत टाकली, हाताचा तळवा जमिनीला लावला आणि कमान पुसून टाकली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आपल्या हाताने काढलेली रेघ पुसताना मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ती उठली. पदर डोक्यावरच होता, तो तिने आणखी पुढे ओढला. मला वाटलं आता ती मला म्हणेल, शालू, मोठ्या बाबाले सांग. मी निरोप घ्यायला तयारही झाले, इतकी ती सवय. पण ती माझ्याकडे वळलीच नाही. सरळ मोठ्या बाबांकडे वळली. त्यांना काय म्हणून हाक मारायची हे तिला ठाऊक नव्हतं, कारण लग्न होऊन आल्यापासून तिने त्यांना कधी हाकच मारली नव्हती. म्हणून हाक न मारताच ती बोलली.

"पोट्टीचे पेपर झाल्याबिगर लग्न नाई होणार. अन् याईच्या घरी तं नाईच. शब्द तुमी घेतला, तुमीच वापस करा."

तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. शेजारच्या काकू दारात येऊन थिजल्या. बाबांचं टेकणं सुटलं. मोठ्या बाबांच्या हातातली संत्र्याची फोड तोंडापर्यंत जाऊन थांबली. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "शालू, तिले सांग..." मी काय सांगणार होते तिला? ती समोर उभी होती.

मंडळी गेली. मोठे बाबाही त्यांच्यासोबतच उठले, पोतं तिथेच राहिलं. मी आत धावले तर आई चुलीपाशी भिंतीला धरून उभी. माझा हात घट्ट धरून ती कुजबुजली, "मी बोलली का वं त्याईच्याशी? मोठ्यानं बोलली का?" मी 'हो' म्हणून मान डोलावली. "अवं माय," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली. आम्ही दोघी गळ्यात गळा घालून रडलो, का ते विचारू नका. बाबा बराच वेळ ओट्यावर बसून एकटे उरलेल्या वड्या खात होते. मग पडद्याशी आले आणि म्हणाले, "पेपराच्या दिवशी मी सुट्टी टाकतो. सेंटरवर सोडून देईन." आत बांगड्या वाजल्या. पान वाढलंय, त्या तऱ्हेने.

आणि गंमत बघा, पेपरात तसला आलेख आलाच नाही! मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणून काय विसरायचा आहे?" नाही विसरले. पुढे जन्मभर तोच शिकवला. आता नात फोनवर दोन बोटं फिरवते आणि आलेख हजर. पण टोकं काचेच्या कडेला कापली जातात, आणि तिला वाटतं, संपला तिथे. मी तिला सांगते, अगं, ती काच संपली.

मोठे बाबा त्या हंगामात पुन्हा आले नाहीत. त्यांचं पोतं आम्ही गल्लीत वाटून टाकलं, खायची इच्छाच नव्हती. निकाल लागल्यावर एका दुपारी फाटक वाजलं आणि ते दारात उभे. ते खाटेवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पंखा तेवढा कुरकुरत होता. मला वाटलं, आता आई बाहेर येऊन पुन्हा काही बोलते की काय. आणि आतून आवाज आला, नेहमीचा, हळू.

"शालू, मोठ्या बाबाले विचार, चहा घेतील का?"

तेवढं सगळं बोलून ती परत होती तिथे जाऊन बसली होती. पुढे मरेपर्यंत ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. तेवढाच एकदा.

मी विचारलं. मोठ्या बाबांनी पडद्याकडे पाहिलं. "सांग तिले, घेतो म्हणा," ते म्हणाले. मग घसा खाकरून, जरा मोठ्याने, "अन् हेही विचार तिले, पोट्टीचं नाव बीएस्सीले टाकलं का नाई?"

आत कपबशी वाजली आणि थांबली.

"सांग त्याईले," आई म्हणाली, "टाकलं."

दोघांनाही ऐकू गेलं होतं. तरी मी पडद्याबाहेर तोंड काढलं आणि म्हणाले, "टाकलं म्हणते, मोठे बाबा."